विषय: एडिंबरामधील प्रबोधनकाळाची पायी सहल – मार्ग ठरवण्याबाबत

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

यंदाच्या उन्हाळी सहलीत किल्ला आणि राजवाडा बाजूला ठेवून, अठराव्या शतकात एडिंबरा शहरात जे वैचारिक प्रबोधन घडले त्याच्या खुणा पायी पाहाव्यात, असा समितीचा प्रस्ताव आहे. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम, अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथ, रसायनशास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक आणि भूविज्ञानाचा पाया घालणारे जेम्स हटन या मंडळींची एकमेकांशी घट्ट मैत्री होती. स्मिथ, ब्लॅक आणि हटन यांनी तर ‘ऑयस्टर क्लब’ नावाचे मंडळच चालवले. त्यांची घरे, खानावळी, छापखाने आणि न्यायालय ही सगळी ठिकाणे चालत जाण्याच्या अंतरावर होती आणि आजही आहेत.

सुरुवात लॉनमार्केटजवळच्या ह्यूम यांच्या पुतळ्यापासून करू. येणारे-जाणारे शुभशकुन म्हणून त्याच्या पायाच्या अंगठ्याला हात लावतात, त्यामुळे बाकी पुतळा काळपट हिरवा आणि अंगठा तेवढा सोनेरी झाला आहे. तेथून पार्लमेंट स्क्वेअरला जाता येईल. १७५२ मध्ये ह्यूम तिथल्या वकिलांच्या ग्रंथालयाचे ग्रंथपाल झाले आणि तेथील पुस्तकांच्या आधारेच त्यांनी इंग्लंडचा इतिहास लिहिला. पुढे विश्वस्तांशी खटका उडाला, तेव्हा पद न सोडता त्यांनी आपला पगार थॉमस ब्लॅकलॉक या अंध कवीला देऊन टाकला. ह्यूम यांच्या स्वभावाविषयी ही एक गोष्ट पुष्कळ सांगून जाते, म्हणून ती तेथे उभे राहून सांगावी असे मला वाटते. नंतर अँकर क्लोज ही अरुंद गल्ली: ‘एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका’च्या पहिल्या आवृत्तीचे (१७६८–७१) संपादक विल्यम स्मेली यांचा छापखाना येथे होता. कॅननगेटमध्ये स्मिथ यांची कबर आणि १७७८ पासून १७९० मध्ये निधन होईपर्यंत ते जेथे राहिले ते पॅनम्युअर हाऊस पाहून, शेवटी हटन यांनी अभ्यासलेल्या सॅलिसबरी क्रॅग्ज या कड्याकडे जाऊ.

मार्गाविषयी सूचना अवश्य कळवाव्यात.

सहल समितीच्या वतीने

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

प्रस्ताव मनापासून आवडला, परंतु मार्गात जी माणसे आली आहेत ती सगळी विजयी माणसे आहेत. याच शहरात जानेवारी १६९७ मध्ये टॉमस एकेनहेड या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याला धर्मनिंदेच्या आरोपाखाली फाशी देण्यात आले. ह्यूम यांचा जन्म १७११ चा. म्हणजे ज्यांच्या शंकांचे आपण कौतुक करतो त्यांच्या आणि त्या फाशीच्या मध्ये जेमतेम चौदा वर्षांचे अंतर आहे. हे आधी सांगितले नाही, तर ह्यूम यांच्या लेखनामागचे धाडस ऐकणाऱ्याच्या ध्यानात येणार नाही.

दुसरी गोष्ट, पार्लमेंट स्क्वेअरला जोसेफ नाइट यांचे नाव घ्यावे. जमैकात गुलाम म्हणून विकत घेतलेल्या आणि मालकाने स्कॉटलंडला आणलेल्या या माणसाने आपल्या स्वातंत्र्यासाठी तिथल्या न्यायालयात दाद मागितली, आणि स्कॉटलंडचा कायदा गुलामगिरीला मान्यता देत नाही असा निकाल १७७८ मध्ये मिळवला. नाइट यांची बाजू मांडणाऱ्यांत हेन्री डंडास होते. त्याच डंडास यांनी १७९२ मध्ये गुलामांचा व्यापार बंद करण्याच्या ठरावात ‘क्रमाक्रमाने’ हा शब्द घातला, आणि प्रत्यक्ष बंदीला १८०७ साल उजाडले. या विलंबाचा किती दोष त्यांच्याकडे जातो याबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत. तरी सेंट अँड्र्यू स्क्वेअरमधल्या त्यांच्या स्तंभासमोर दोन्ही बाजू मोकळेपणाने मांडता येतील. हे डंडास पुढे हिंदुस्थानच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या बोर्ड ऑफ कंट्रोलचे अध्यक्षही झाले, हे आपण विसरू नये.

गोरेतर लोक स्वभावतः कनिष्ठ आहेत अशी टीप ह्यूम यांनीही आपल्या एका निबंधाला जोडली होती. तिचा प्रतिवाद ॲबर्डीनचे जेम्स बीटी यांनी १७७० मध्येच केला, त्यामुळे हा आक्षेप आजच्या काळाने मागाहून चिकटवलेला आहे असे कोणी म्हणू शकत नाही.

एक सभासद

उत्तर:

नमस्कार. या सहलीत मुंबईचाही एक धागा आहे. जेम्स मॅकिंटॉश हे एडिंबरामध्येच वैद्यक शिकले, पुढे न्यायाधीश होऊन मुंबईला आले, आणि १८०४ मध्ये त्यांनी तेथे लिटररी सोसायटी स्थापन केली. टाउन हॉलमधली आपली एशियाटिक सोसायटी ती हीच. निबंध वाचायचे आणि त्यावर चर्चा करायची ही रीत ते विद्यार्थिदशेत येथल्या विद्यार्थ्यांच्या वादसभांत शिकले होते, म्हणून जुन्या विद्यापीठाच्या इमारतीपाशी त्यांचा उल्लेख व्हावा, ही विनंती.

उत्तर:

सर्वांना नमस्कार.

तिन्ही सूचना समितीने स्वीकारल्या आहेत. एकेनहेडच्या हकिकतीने प्रारंभ होईल, नाइट यांच्या खटल्याला पार्लमेंट स्क्वेअरमध्ये पुरेसा वेळ दिला जाईल, आणि जुने विद्यापीठ मार्गात येईल. डंडास यांचा स्तंभ न्यू टाउनमध्ये असल्याने तो दुपारच्या जेवणानंतर घेऊ, म्हणजे ज्येष्ठांची चढ-उतार वाचेल. ग्रेफ्रायर्स येथे हटन यांचे दफन ज्या भागात आहे त्याचे फाटक कुलूपबंद असते, त्यामुळे तेथे जाण्याऐवजी सकाळीच त्यांच्या कड्याकडे जाणे बरे. रॅडिकल रोड ही तिथली वाट दगड कोसळल्याने २०१८ मध्ये बंद करण्यात आली होती. तिचा कोणता भाग खुला आहे याची खात्री करूनच निघू.

त्या कड्यात वालुकाश्माच्या आडव्या थरांत काळसर डोलेराइट घुसलेला आणि त्याने थराचा एक तुकडा उचकटून वर वाकवलेला दिसतो. खडक समुद्राच्या पाण्यातून साचत गेले, असे तेव्हाचे बहुतेक अभ्यासक मानत. हा खडक मात्र तप्त द्रवरूपात खालून वर आला, असे हटन यांनी येथे दाखवले. १७८५ मध्ये त्यांचा सिद्धान्त एडिंबराच्या रॉयल सोसायटीपुढे मांडायचा होता, त्या दिवशी ते आजारी असल्याने निबंध ब्लॅक यांनी वाचला. सह्याद्रीचा काळा कातळ पाहत वाढलेल्या आपल्या मुलांना हा थर हात लावून दाखवावा, अशी फार इच्छा आहे. येणाऱ्यांनी आपली आणि मुलांची नावे या आठवड्यात कळवावीत.

सहल समितीच्या वतीने