मदत हवी आहे: ईजीआर साफ केल्याने मिसिंग जाईल का? मिस्त्री पट्टी घालून कायमचं बंद करा म्हणतात

नमस्कार मंडळी,

इंदूरहून लिहिते आहे. आमचं केटरिंगचं काम आहे. बाबांनी सुरू केलं, आता गाडी आणि हिशेब माझ्याकडे असतो. भांडी, शेगड्या, पाण्याची पिंपं वाहायला 2018 ची बीएस-4 छोटी मालगाडी आहे. चार सिलिंडर, कॉमन रेल, टर्बो, आणि 1 लाख 40 हजार किलोमीटर झालेली.

दोन महिन्यांपासून गाडी न्यूट्रलला उभी असली की थरथरते. एक सिलिंडर मधूनच सुटल्यासारखा आवाज येतो, म्हणजे मिसिंग. एक्सिलेटर दाबला की आधी काळा धूर, मग कुठे पिकअप. बडवाहला एका लग्नाचं काम होतं, तिथून परतताना भेरूघाटात ती पहिल्या गिअरवर आली. गाडीत निम्माही माल नव्हता.

डिझेल फिल्टर आणि एअर फिल्टर बदलून झाले. इंटरकूलरच्या पाइपांत हवा भरून, साबणाचं पाणी लावून पाहिलं, कुठेही गळती नाही. एका मिस्त्रींनी स्कॅनर लावला तर पी 0402 हा कोड आला, म्हणजे ईजीआरमधून (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणाऱ्या व्हॉल्व्हमधून) गरजेपेक्षा जास्त गॅस आत जातोय. मग त्यांनी ईजीआरच्या तोंडाशी पत्र्याची पट्टी बसवली आणि आम्ही राऊपर्यंत जाऊन आलो. थरथर गेली, धूरही जवळजवळ बंद. नोजलचा, म्हणजे डिझेल फवारणाऱ्या भागाचा, खर्च वाचला म्हणून मला हायसं वाटलं. पण ते म्हणाले, "पट्टी राहू द्या, सगळे हेच करतात."

मी ती काढायला लावली. कारण सांगते. ईजीआर सायलेन्सरकडे जाणाऱ्या गॅसचा थोडा भाग परत इंजिनात सोडतो. त्यात ऑक्सिजन कमी असल्याने ज्वलनाचं तापमान खाली राहतं आणि नायट्रोजनचे ऑक्साइड कमी तयार होतात. पट्टी घातली की धूर कमी दिसतो, पण हे न दिसणारे वायू वाढतात. पीयूसीत डिझेल गाडीचा फक्त धूर मोजतात, म्हणून तिथे ते पकडलंच जात नाही. आम्ही कार्यालयाच्या मागच्या अंगणात गाडी चालू ठेवून भांडी उतरवतो आणि दहा हातांवर पोळ्या लाटणाऱ्या मावशी बसलेल्या असतात. 2023 च्या स्वच्छ वायू सर्वेक्षणात दहा लाखांवरच्या शहरांत इंदूर पहिलं आलं, तेव्हा आम्ही घरी आनंद केला होता. त्याच गावात मी हे करावं, हे मनाला पटत नाही.

म्हणून विचारते. व्हॉल्व्ह घरच्या घरी साफ करता येईल का? कशाने करावा? मॅनिफोल्डही (सिलिंडरांना हवा नेणारा भाग) उतरवायला लागेल का? आणि मुख्य म्हणजे, साफ केल्यावर किती टिकेल? तुळशीचं लग्न झालं की आमची लग्नसराई सुरू, त्याआधी हे काम उरकायचं आहे.

जुना फिटर, बडोदे

ताई, पट्टी काढलीत ते उत्तम केलंत. पण पट्टीनं एक निदान करून दिलं, तेवढं लक्षात ठेवा: ती घातल्यावर मिसिंग गेलं, म्हणजे दोष नोजलचा नाही, व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाहीये. बहुधा सीटवर, म्हणजे व्हॉल्व्ह टेकतो त्या जागी, कार्बन बसलाय.

उतरवल्यावर साफ करण्याआधी काजळी बोटानं चोळून बघा. कोरडी, भुकटीसारखी असेल तर गाडी गावातल्या गावात फिरते आणि नीट तापत नाही, एवढाच अर्थ. चिकट, डांबरासारखी असेल तर तिच्यात ऑइल मिसळतंय. मग ब्रीदरचा (इंजिनातली वाफ काढून नेणारा) पाइप आणि टर्बोचं सील बघावं लागेल, नाहीतर चार महिन्यांत पुन्हा तेच. आणि ओलसर, पांढरट डाग दिसले तर ईजीआरचा कूलर फुटलाय, रेडिएटरचं पाणी कमी होतंय का ते तपासा.

व्हॉल्व्हचा धातूचा भाग तेवढा डिझेलमध्ये किंवा कार्ब क्लीनरमध्ये भिजवायचा. मोटर आणि वायरचा सॉकेट नेहमी वर, कोरडा. मोटरमध्ये द्रव शिरला की नवा व्हॉल्व्हच घ्यावा लागतो. खरवडायला लाकडाची काडी आणि नायलॉनचा ब्रश घ्या. स्क्रू ड्रायव्हरनं दांडा ढकलू नका, आतले प्लास्टिकचे दाते तुटतात. पॅकिंग नवीनच घाला. जुनं पॅकिंग हवा सोडतं आणि माणूस पुन्हा ईजीआरलाच दोष देत बसतो.

हातमोजे आणि तोंडाला मास्क हवाच. डिझेलचा धूर 2012 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं कर्करोगकारक म्हणून जाहीर केलाय, आणि ही काजळी त्याच धुराची.

एक विचारतो, ऑइल कोणतं घालता?

देवासवाला

मॅनिफोल्डबद्दल माझं स्पष्ट मत: उतरवूनच साफ करा. इंजिन चालू ठेवून इनटेकमध्ये स्प्रे मारण्याचे व्हिडिओ पाहून कुणी तसं करू नये. डिझेल इंजिन हवेतून आलेलं ज्वलनशील काहीही जाळतं. स्प्रे जास्त झाला तर एक्सिलेटर न दाबता आरपीएम चढत जातो आणि चावी बंद करूनही थांबत नाही. आमच्या समोर एकदा असं झालंय, हवेचं तोंड दाबून बंद करावं लागलं. शिवाय सुटलेला कार्बनचा खडा सिलिंडरच्या व्हॉल्व्हच्या सीटमध्ये अडकला तर सिलिंडरचं कॉम्प्रेशन जातं.

कायद्याचंही सांगतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) खाली प्रदूषणाच्या मानकांचा भंग केल्यास 10,000 रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, लायसन्सही तीन महिने जातं.

धागाकर्ती

काका, ऑइलचं विचारलंत आणि मी डबा बघायला धावले. बाबा अजून सीएफ-4 या जुन्या दर्जाचं घालत होते, जुन्या गाडीपासूनची सवय.

जुना फिटर, बडोदे

मग ते बदला. सीआय-4 हा दर्जा 2002 मध्ये ईजीआर असलेल्या इंजिनांसाठीच आला. काजळी ऑइलमध्ये उतरते, ती धरून ठेवायची ताकद त्यात जास्त असते. 15डब्ल्यू-40 सीआय-4 प्लस घ्या, आणि मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय ते आधी बघा. हवेचा दाब मोजणारा मॅप सेन्सरही उतरवा. त्याच्या टोकावर काजळी बसली की दाबाचं माप चुकतं आणि डिझेलही चुकीचं जातं. तो इलेक्ट्रिकच्या कॉन्टॅक्ट क्लीनरनंच धुवा, ब्रश लावू नका.

धागाकर्ती

रविवारी काम केलं. मिस्त्री स्वतः आले, पट्टी न घालण्याबद्दल आमचं थोडं बोलणं झालं, मग मन लावून सोबत बसले. मॅनिफोल्ड उतरवल्यावर मी गप्पच झाले. आतलं भोक निम्म्याहून अरुंद झालं होतं. व्हॉल्व्हच्या दांड्याभोवती हरभऱ्याएवढा कार्बनचा गोळा, त्यामुळे तो बंदच होत नव्हता. काजळी बहुतेक कोरडी होती, फक्त ब्रीदरचा पाइप जिथे जोडला जातो तिथे चिकट. पांढरे डाग कुठेही नाहीत.

व्हॉल्व्ह रात्रभर डिझेलमध्ये ठेवला, मोटर वर आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली. सकाळी ब्रश आणि बांबूच्या काडीनं साफ केला. बाबांनी मॅनिफोल्डची भोकं घासायला बाटल्या धुवायचा लांब ब्रश आणून दिला, तो फार उपयोगी पडला. तिन्ही पॅकिंग नवीन घातली, ऑइल आणि फिल्टर बदलला. स्कॅनरनं कोड पुसून व्हॉल्व्हची बंद स्थिती पुन्हा शिकवून घेतली. ते करण्याआधी गाडी थोडी थरथरत होती, केल्यावर थांबली.

काल मुद्दाम बडवाहपर्यंत जाऊन आले, या वेळी पूर्ण माल भरून. भेरूघाट दुसऱ्या गिअरवर सहज चढला. धूर फक्त जोरात दाबल्यावर किंचित दिसतो. पी 0402 परत आलेला नाही.

एकच राहिलं आहे. सकाळी थंड इंजिन चालू केल्यावर पहिला अर्धा मिनिट हलकंसं मिसिंग असतं, मग जातं. मिस्त्री ग्लो प्लग (थंड इंजिन तापवणारा) म्हणतात, मला नोजलमधून परत जाणारं डिझेल मोजून घ्यावंसं वाटतं. काका, आधी काय करू?

जुना फिटर, बडोदे

आधी ग्लो प्लग. मल्टिमीटरनं चारही प्लगचा रेझिस्टन्स बघा, साधारण एक ओहमच्या आसपास हवा. एखाद्याचं वाचन फार वेगळं किंवा अनंत आलं तर तोच प्लग दोषी. चारही ठीक निघाले तरच नोजलकडे वळा. वाचन इथे लिहा, मी बघतो.