उबुंटूवर दोन खाती, एक साउंड कार्ड: युजर बदलला की ‘डमी आउटपुट’. मदत हवी आहे

डेस्कटॉपवर उबुंटू २४.०४ आहे, आवाजासाठी पाइपवायर (प्रोग्रामांचा आवाज साउंड कार्डापर्यंत नेणारा सर्व्हर, प्रत्येक खात्याचा वेगळा चालतो), स्पीकर मागच्या हिरव्या जॅकला. ‘बाबा’ आणि ‘रेवा’ अशी दोन खाती आहेत. बाबांच्या खात्यात ब्राउझरवर गाणं चालू असताना ‘स्विच युजर’ने रेवाच्या खात्यात गेलं, की गाणं तसंच वाजत राहतं आणि रेवाच्या सेटिंग्जमध्ये फक्त ‘डमी आउटपुट’ (खरं कार्ड न मिळाल्यावर दिसणारं नावापुरतं आउटपुट) दिसतं. आधी रेवाने लॉगइन केलं तर तिला आवाज येतो. अल्सामिक्सरमध्ये (कार्डाच्या आवाजाची पातळी आणि म्यूट दाखवणारा प्रोग्राम) काहीही म्यूट नाही. दोन्ही खाती ‘ऑडिओ’ ग्रुपमध्ये आहेत, एका जुन्या ट्यूटोरियलप्रमाणे घातली होती.

प्रतिसाद १
शेवटच्या वाक्यातच कारण आहे. हल्ली साउंड कार्डाची परवानगी ग्रुपवरून द्यावी लागत नाही. स्क्रीनसमोर ज्याचं सेशन चालू असेल त्याला लॉगइंड (लॉगइन सेशन सांभाळणारी सेवा) ती देतो, आणि युजर बदलला की काढून घेतो. परवानगी गेली हे पाइपवायरला कळतं आणि तो कार्ड सोडतो. पण ‘ऑडिओ’ ग्रुपमधल्या खात्याची परवानगी कधीच जात नाही, म्हणून बाबांचं खातं कार्ड धरून बसतं. रेवाचं लॉगइन होताना वायरप्लंबर (पाइपवायरसाठी कार्ड शोधून जोडणारा प्रोग्राम) कार्ड उघडून पाहतो, ते बिझी सापडतं, एकही प्रोफाइल (कार्ड वापरायची मांडणी) मिळत नाही, आणि उरतं ते डमी आउटपुट.

खात्री करायची तर रेवाच्या खात्यातून ‘सुडो फ्यूजर -व्ही’ हा कमांड डेव्ह/एसएनडी मधल्या (साउंड कार्डाच्या) फाइलींवर चालवा. कार्ड धरलेल्या प्रोसेससमोर ‘बाबा’ दिसेल.

मग ‘सुडो डेलयूजर बाबा ऑडिओ’ (याने खातं जात नाही, फक्त ग्रुपमधून नाव निघतं), तसंच रेवासाठी. यानंतर मशीन रीबूटच करा. नुसतं लॉगआउट पुरेलच असं नाही, कारण युजरची सिस्टमडी प्रोसेस (त्याच्या खात्यातल्या सेवा चालवणारी) मागे राहिली तर ती जुनेच ग्रुप घेऊन चालते.

धागाकर्ता
फ्यूजरमध्ये ‘बाबा’च दिसलं. दोघांना ग्रुपमधून काढून रीबूट केलं, आता स्विच केल्यावर रेवाला स्पीकर मिळतो. पण मग बाबांचं गाणं बंद होतं. ते मागे चालू राहून रेवाचाही आवाज यावा, असं होईल का?

प्रतिसाद २
होईल, पण त्याची मांडणी वरच्या उपायाच्या उलट आहे. दोन सर्व्हर एका कार्डासाठी भांडू नयेत म्हणून एकालाच मालक करायचं.

बाबांना ‘ऑडिओ’ ग्रुपमध्ये परत घाला, रेवाला नको. बाबांच्या होम फोल्डरमध्ये .कॉन्फिग/पाइपवायर/पाइपवायर-पल्स.कॉन्फ.डी या फोल्डरात एक .कॉन्फ फाइल करा. तिच्यात पल्स.प्रॉपर्टीज खाली सर्व्हर.अ‍ॅड्रेसच्या यादीत दोन नोंदी हव्यात: ‘युनिक्स:नेटिव्ह’ (बाबांच्या स्वतःच्या प्रोग्रामांसाठी) आणि ‘टीसीपी:१२७.०.०.१:४७१३’ (१२७.०.०.१ म्हणजे हेच मशीन, ४७१३ हा पोर्ट). पहिली विसरलात तर बाबांचेच प्रोग्राम मुके होतील. आणि नुसतं ‘टीसीपी:४७१३’ अजिबात लिहू नका, ते सगळ्या नेटवर्कवर ऐकू लागतं. मग पाइपवायर-पल्स ही युजर सर्व्हिस रीस्टार्ट करा.

रेवाच्या .कॉन्फिग/पल्स/क्लायंट.कॉन्फमध्ये डिफॉल्ट-सर्व्हर म्हणून तोच टीसीपी पत्ता द्या. पुन्हा लॉगइन करून ‘पॅक्टल इन्फो’ हा (आवाजाचा सर्व्हर दाखवणारा) कमांड चालवला की सर्व्हर स्ट्रिंगमध्ये १२७.०.०.१ दिसायला हवं.

प्रतिसाद १
यात दोन भर. बाबा लॉगआउट झाले की त्यांचा सर्व्हरही जातो आणि रेवाचा आवाज बंद. त्यासाठी बाबांच्या खात्याला लॉगिनसीटीएलने लिंगर (लॉगआउटनंतरही सेवा चालू ठेवणारी सोय) लावून ठेवा. आणि रेवाचा स्वतःचा पाइपवायर बंद करायचा मोह टाळा, वेलँडवर (स्क्रीनवर खिडक्या दाखवणारी व्यवस्था) स्क्रीन शेअरिंग त्याच्यातूनच चालतं.

मला जास्त काळजी मायक्रोफोनची वाटते. ४७१३ या पोर्टला मशीनवरचं कुठलंही खातं जोडलं जाऊ शकतं, आणि माइकचा आवाजही त्याच सर्व्हरमधून जातो. कॉलेजच्या किंवा ऑफिसच्या सामायिक मशीनवर हे करू नका, तिथे पहिलाच उपाय ठेवा.

धागाकर्ता
लिंगरसकट जमलं, दोन्ही आवाज एकत्र येतात. माइक यूएसबीचा आहे, काम झालं की काढूनच ठेवू.