पालेस्त्रिना आणि ट्रेंटची परिषद

सोळाव्या शतकातील इटालियन संगीतकार पालेस्त्रिना याची ‘मिस्सा पापे मार्चेली’ ही मिस्सा (कॅथलिक उपासनेसाठीची गायनरचना) ऐकून चर्चने बहुस्वरी गायनावरील, म्हणजे अनेक आवाज एकाच वेळी वेगवेगळ्या ओळी गातात त्या गायनावरील, बंदी मागे घेतली, असे अनेकदा सांगितले जाते. ही कथा मलाही प्रिय आहे, पण ती दंतकथाच आहे. ट्रेंटच्या परिषदेने, म्हणजे कॅथलिक चर्चच्या धर्मसभेने, 1562 मध्ये उपासनेतील संगीतात कामुक किंवा अपवित्र काही मिसळू नये एवढेच ठरवले होते. सरसकट बंदी कधी आलीच नाही. एप्रिल 1565 मध्ये रोममध्ये कार्डिनलांसमोर (चर्चच्या वरिष्ठ धर्माधिकाऱ्यांसमोर) काही मिस्सा गाऊन शब्द कळतात का हे तपासले गेले, ही नोंद खरी आहे. मात्र त्यांत हीच रचना होती याला पुरावा नाही. ज्यांचे नाव या रचनेला आहे ते पोप दुसरे मार्सेलस 1555 मध्ये जेमतेम तीन आठवडे गादीवर होते आणि रचना छापली गेली ती 1567 मध्ये.

तरीही शब्दांचा प्रश्न पालेस्त्रिनाने किती मनावर घेतला होता, हे या मिस्सातला क्रेडो (श्रद्धेची कबुली देणारा, भरपूर शब्दांचा भाग) ऐकताना जाणवते. सहा आवाज हाताशी असूनही अनेकदा त्यांतले चारच एखादी ओळ एकदम, अक्षराला अक्षर जुळवून म्हणतात, पुढची ओळ वेगळी चौकडी उचलते, आणि सगळे एकत्र येतात तेव्हा तो भरगच्च नाद अंगावर येतो. याउलट कीरिएमध्ये (‘प्रभू, दया कर’ या प्रार्थनेच्या भागात) शब्द मोजकेच, त्यामुळे तिथे एका स्वरावर थांबून चौथ्या स्वरावर झेपावणारी आणि पायरीपायरीने उतरणारी ओळ एकामागून एक आवाज मोकळेपणाने विणत जातात. आधी क्रेडो आणि लगेच कीरिए, या क्रमाने जरूर ऐकावे.