मदत हवी आहे: स्क्रीन जेम्सचे जुने लोगो

मंडळी, सोनीवर नव्वदीत हिंदीत डब केलेल्या 'आय ड्रीम ऑफ जीनी' आणि 'बिविच्ड' या अमेरिकन मालिका लागायच्या, कुणाकडे त्यांची व्हीएचएस रेकॉर्डिंग अजून आहे का? मला एपिसोडच्या अगदी शेवटचे दोन-चार सेकंद हवेत, म्हणजे नावं संपल्यावर वितरकाचा लोगो येतो ना तेवढंच.

मूळ वितरक स्क्रीन जेम्स, म्हणजे हॉलिवूडच्या कोलंबिया पिक्चर्स स्टुडिओची टीव्ही कंपनी. १९६५ चा त्यांचा लोगो काय भारी होता, पिवळ्यावर लाल पट्ट्या येऊन ठिपक्याभोवती एस तयार होतो आणि वर एरिक सिडेचं ते सिंथेसायझरचं म्युझिक, अमेरिकेत लहान पोरं घाबरायची म्हणे त्याला. १९७४ ला नाव बदलून कोलंबिया पिक्चर्स टेलिव्हिजन झालं, १९७६ पासून सूर्यकिरणांचा लोगो, नंतर मशालवाली बाई, आणि १९८९ ला कोलंबिया सोनीनेच घेतली. वैताग एवढाच की पुन्हा दाखवताना जुन्या लोगोवर सर्रास नवा चिकटवतात, त्यामुळे ओरिजिनल सापडणं मुश्किल होतं.

तर आपल्याकडे आलेल्या प्रिंटवर नेमका कुठला होता? मोबाईलने टीव्हीचा काढलेला धूसर व्हिडिओपण चालेल, फक्त आवाज कापू नका प्लीज, आणि टेपला बुरशी असेल तर व्हीसीआरमध्ये घालायच्या आधी साफ करून घ्या.