आईच्या चटणीला मी ‘सदर चटणी’ लिहिलं. आता काय करू?

नवीपेठकरीण:

सोलापुरात नवी पेठेतल्या एका करसल्लागारांकडं अकरा वर्षं काम करते. आमचा महिना एक तारखेला सुरू होत नाही. अकराला जीएसटीआर-१, वीसला ३बी, ही जीएसटीची विवरणपत्रं, आणि मधल्या नऊ दिवसांत चादरवाले, टॉवेलवाले, भुसारवाले सगळे आपापली बिलं पिशवीत कोंबून आणतात आणि ‘ताई, बघा की जरा’ म्हणत टेबलावर ओततात. एकदा एका पिशवीतून बिलांबरोबर अर्धी कडक भाकरी निघाली. ती परत केली, खर्चात धरली नाही.

उरलेले दिवस नोटिशींचे खुलासे लिहिण्यात जातात. ‘उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की...’ हे मी आता झोपेतही लिहीन. चांगलं लिहिते म्हणून ऑफिसात नाव आहे बरं का.

पण मला लिहायची सवय त्याच्या कितीतरी आधीची. कॉलेजात असताना हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला जायचे तेव्हा कुर्डुवाडी ते दौंड वही मांडीवर असायची. डब्यात कोण कुणाशी जागेवरून भांडलं, कुणी उकडलेल्या शेंगांची टरफलं कुणाच्या चपलेत टाकली, सगळं त्यात. त्या वह्या अजून आहेत. परवा उघडल्या तर वाटलं, ही पोरगी कोण आहे? माझ्यापेक्षा बरी लिहिते.

तर झालं असं. मागच्या महिन्यात आईचं वर्षश्राद्ध होतं. दादा म्हणाला, चार ओळी लिही, जेवणाआधी घरच्यांना वाचून दाखवू. अठरा तारखेच्या रात्री साडेदहाला बसले. डोक्यात शेंगाचटणी होती. आईनं चटणी कधी मिक्सरला केली नाही. भाजलेले दाणे, लसूण, जिरं, तिखट, मीठ उखळात घालून कुटायची, दाण्यांना तेल सुटेस्तोवर. वरून थेंब घालायची नाही. आणि तेल सुटलं की नाही हे ती वाकून बघायची नाही, ऐकायची. आधी कोरडं खट् खट्, मग आवाज जड व्हायचा, मग चप् चप्. मी बाहेरच्या खोलीत अभ्यास करत असले तरी मला कळायचं, झाली चटणी.

हे सगळं डोक्यात, आणि कागदावर उतरलं काय? ‘सदर चटणी आई स्वहस्ते तयार करीत असे.’

सदर! जणू चटणीला नोटीस आलीय आणि मी मुदतीत खुलासा देतेय.

भाच्यानं तो कागद फोनमधल्या एआयला दिला. त्यानं अर्ध्या मिनिटात सुधारून दिलं, ‘आईचं स्वयंपाकघर म्हणजे मायेचं मंदिर होतं.’ आमचं स्वयंपाकघर पत्र्याखाली होतं हो. मे महिन्यात आई डोक्यावर ओला टॉवेल टाकून भाकऱ्या थापायची. मंदिर कसलं आलंय.

शेवटी काहीच वाचलं नाही. दादाला सांगितलं, काम होतं.

लवकर उठा, रोज एक पान लिहा, हे कृपया सांगू नका. वेळ मी काढीन. दिवसभर दुसऱ्याची भाषा लिहिल्यावर स्वतःची परत कशी आणता, तेवढं सांगा.

निवृत्त मास्तर:

ताई, बत्तीस वर्षं प्रगतिपुस्तकांवर शेरे लिहिले. ‘समाधानकारक.’ ‘अक्षर सुधारावे.’ एका उन्हाळ्यात मंडळी माहेरी होती, तेव्हा पत्राच्या शेवटी मी लिहिलं होतं, ‘इकडील परिस्थिती समाधानकारक.’ ते मला आजतागायत ऐकवलं जातं.

मला पोस्टकार्डानं वाचवलं. पन्नास पैशांचं साधं कार्ड. युक्ती एवढीच की पत्ता आधी लिहायचा. नाव-गाव लिहून झालं की तो माणूस समोर येऊन बसतो, आणि समोरच्या माणसाला आपण ‘सदर’ म्हणत नाही. तुम्ही चार ओळी ‘घरच्यांना वाचून दाखवायला’ लिहायला बसलात. तिथंच सभा झाली.

रात्रपाळी:

ताई, मी अक्कलकोट रोडला एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर आहे. आमच्या घरात तेलुगू. आईशी भांडण तेलुगूत, पण तेलुगू लिहायला येत नाही, शाळा मराठी. वही मराठीत. मग माझी स्वतःची भाषा कुठली म्हणायची? मी हा विचार सोडून दिलाय. पाळीत चहाच्या वेळी फोनवर बोलून ठेवतो, तेलुगू-मराठी जे तोंडात येईल ते, मागाच्या खडखडाटासकट. सुट्टीला ऐकून उतरवतो. निम्मं कळत नाही, निम्मं बरं असतं.

दुसरं एक, मास्तरांचं ऐकून ‘सदर’ हुडकून हुडकून काढत बसू नका. धागा तुटला, माग बंद करून परत चालू केला की कापडात तिथं आडवी रेघ येते. तपासणारा लगेच बोट ठेवतो, माल सेकंडमध्ये जातो. आमच्या घरात सगळे टॉवेल सेकंडचेच आहेत. अंग तसंच पुसलं जातं.

तळ्याकाठी:

रात्रपाळी, टॉवेलचं आवडलं. मी जरा लांबून येतो.

गड्ड्याच्या जत्रेला आपण सगळे आपल्या सोलापूरच्या ग्रामदैवताचा, सिद्धरामेश्वरांचा जयजयकार करतो, नंदीध्वजांमागं चालतो, पण ते स्वतः लिहीत होते हे घराघरांत बोललं जात नाही. बारावं शतक, कन्नड वचनं, म्हणजे शिवभक्तांच्या गद्यासारख्या कविता. आणि हा काही निवांत बसलेला माणूस नव्हता, तळं खोदवत होता. त्यांच्या काळातले बाकीचे वचनकार बघा. अंबिगर चौडय्या नाव चालवायचे. नुलिय चंदय्या दोऱ्या वळायचे. आयदक्की लक्कम्मांच्या घरी सांडलेले तांदूळ वेचून आणायचं काम, नावातच ते आलंय. सगळे कामाच्या रगाड्यातले. म्हणून वचनं आखूड आणि बोलण्यातल्या भाषेत, असं मला वाटतं. हा माझा तर्क, जाणकारांनी कान पकडावा.

पण ताईंना सांगायचंय ते वेगळं. प्रत्येक वचनाच्या शेवटी अंकित असतं, म्हणजे सहीच म्हणा. बहुतेकांनी तिथं आपल्या देवाचं नाव घातलं. सिद्धरामांचं ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’. चौडय्यांनी मात्र स्वतःचंच नाव ठोकलं, ‘अंबिगर चौडय्या’. नावाडी चौडय्या म्हणतोय, ऐका!

तुम्ही अकरा वर्षं जे खुलासे लिहिताय, त्यांच्याखाली सही कुणाची असते? व्यापाऱ्याची नाहीतर तुमच्या साहेबांची. ‘सदर’ त्या सहीचा शब्द आहे. एकदा कोऱ्या कागदावर आधी खाली स्वतःची सही करून बघा, मग वर लिहा.

भागवतचा पोऱ्या:

बे, एवढं सगळं झालं, चटणीत लसूण किती ते कुणी विचारेना.

नवीपेठकरीण:

सगळ्यांचे आभार. तळ्याकाठी, तुमचं वाचून हिशेब केला. गेल्या महिन्यात मी स्वतःची सही फक्त बँकेत केली होती.

काल आमच्याकडं पाणी आलं, चार दिवसांनी, पहाटे पावणेचारला. पिंपं भरेस्तोवर नळापासून हलता येत नाही हे इथल्यांना सांगायला नको. एरवी मी तिथं फोन बघत बसते. काल एका रद्द बिलाची मागची बाजू घेतली. खाली सही केली, वर नाव लिहिलं, आक्का. आईला आम्ही आक्काच म्हणायचो, सगळा वाडा म्हणायचा म्हणून.

‘आक्का, तुझं उखळ दादानं गच्चीवर नेऊन ठेवलंय. सदर इसम त्यात तुळस लावणार म्हणतोय. मी म्हटलं, लाव, पण आधी मला एकदा त्यात चटणी कुटू दे. आवाज आठवतोय का बघायचंय.’

एवढ्यात पिंप वाहायला लागलं. ‘सदर’ कसं आलं कळलं नाही, पण वाचताना हसू आलं, ठेवलं. रात्रपाळी, रेघ समजा.

लसूण एका वाटी दाण्याला आठ-दहा पाकळ्या. सोललेल्या, पण ठेचलेल्या नाहीत. आणि शेवटी घालायच्या, आधी नाही.