आयातशुल्क उतरवलं की परराष्ट्र व्यापाराचं उदारीकरण झालं का?

प्रश्न : तराजू
व्याख्या बहुतेक ठिकाणी ‘आयात-निर्यातीवरचे निर्बंध कमी करणे’ इथेच संपते. समजा एका देशाने एखाद्या वस्तूवरचं आयातशुल्क २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणलं. एवढ्यावर उदारीकरण झालं म्हणायचं का? पुढच्या वर्षी परत चढवलं तर? आणि दोनच देशांनी आपसात केलेला मुक्त व्यापार करारही यातच धरायचा का?

उत्तर : बांधील_दर
शुल्काच्या आधी कोटा (आयातीच्या प्रमाणावरची मर्यादा) आणि आयात परवाने बघा. कोटा असताना बाहेरची किंमत निम्मी झाली तरी एक नग जास्त येत नाही आणि फरकाचा नफा परवानाधारकाच्या खिशात जातो. शुल्क असेल तर पैसा तिजोरीत जातो आणि बाहेर भाव पडले की आतही पडतात. म्हणूनच १९४७ च्या गॅट करारातलं (शुल्क आणि व्यापाराविषयीचा सर्वसाधारण करार) ११वं कलम संख्यात्मक निर्बंधांना सर्वसाधारणपणे मनाई करतं. शुल्काला मात्र मुभा आहे.

१९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना आली तेव्हा शेतमालावरचे कोटे शुल्कात बदलायचे आणि ती शुल्कं विकसित देशांनी ६ वर्षांत सरासरी ३६ टक्के, विकसनशील देशांनी १० वर्षांत २४ टक्के उतरवायची असं ठरलं. पण रूपांतर करतानाच अनेकांनी सुरुवातीचे दर इतके फुगवून मांडले की कपातीनंतरही माल आत येईना.

‘परत चढवलं तर’ हा तुमचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. संघटनेकडे प्रत्येक सदस्य मालागणिक कमाल दर लिहून देतो. तो बांधील दर. सीमेवर खरोखर आकारतात तो लागू दर. बांधील ४० आणि लागू १० असेल, तर लागू दर उद्या ४० करायला कुणालाच विचारावं लागत नाही. अशा भरवशावर कोणता निर्यातदार कारखाना वाढवेल? बांधील दर ओलांडायचा तर मात्र वाटाघाटी करून दुसऱ्या मालावर सवलत द्यावी लागते. माझ्या मते उदारीकरण मोजायचं ते बांधील दरावर.

उत्तर : मूल्यवर्धन
वरच्याशी सहमत. पण २० चे १० झाले याचा अर्थ कच्च्या मालावरचं शुल्क पाहिल्याशिवाय लागत नाही.

जागतिक बाजारात १०० ची वस्तू, त्यात आयात कच्चा माल ६० चा, म्हणजे मूल्यवर्धन ४०. तयार वस्तूवर १० टक्के शुल्क आणि कच्चा माल शुल्कमुक्त असेल, तर देशातली किंमत ११० आणि मूल्यवर्धन ५०. कागदावर १० टक्के दिसलं तरी कारखानदाराला प्रत्यक्षात २५ टक्के संरक्षण आहे. आता उलट करा. तयार वस्तू शुल्कमुक्त, कच्च्या मालावर १० टक्के : १०० वजा ६६, उरले ३४. हे उणे १५ टक्के संरक्षण. याला उलटी शुल्करचना म्हणतात. इथे आपल्याच उत्पादकाला दंड बसतो आणि नाव उदारीकरणाचं खराब होतं.

उपाय म्हणजे चढे दर जास्त वेगाने उतरवायचे. गॅटखालच्या वाटाघाटींच्या १९७३-७९ च्या टोकियो फेरीत त्यासाठी स्विस सूत्र वापरलं : नवा दर = (गुणक × जुना दर) ÷ (गुणक + जुना दर). गुणक १० घेतला तर ४० चे ८ होतात, १० चे ५. दरांमधली दरी आपोआप मिटत जाते.

उत्तर : मूळदेश
मुक्त व्यापार कराराबद्दल. गॅटचं २४वं कलम त्याला परवानगी देतं, अट अशी की आपसातल्या जवळपास सगळ्या व्यापारावरची शुल्कं काढायची. पण तो भेदभावच आहे, इतरांना शुल्क तसंच राहतं. ‘अ’ देश वस्तू १०० ला देतो, ‘ब’ ११० ला, शुल्क २० टक्के. आधी ‘अ’चा माल १२० ला पडतो, ‘ब’चा १३२ ला, म्हणून ‘अ’कडून घेतात. ‘ब’शी करार झाला की त्याचा माल ११० ला. ग्राहकाचे १० वाचले, तिजोरीचे २० बुडाले आणि खरेदी स्वस्त उत्पादकाकडून महाग उत्पादकाकडे वळली. हे व्यापारविचलन. ‘अ’सकट सगळ्यांना शुल्क उतरवलं असतं तर हा तोटा झाला नसता.

शिवाय सवलत आपोआप मिळत नाही. माल भागीदार देशातच तयार झाला हे मूळ देशाच्या प्रमाणपत्राने दाखवावं लागतं. बीजक आणि प्रमाणपत्रावरचा ६ अंकी वर्गीकरण क्रमांक जुळला नाही, किंवा माल तिसऱ्या देशात उतरवून चढवला आणि तो सीमाशुल्काच्या देखरेखीतच होता याचा पुरावा नसला, की सवलत अडते. सर्वसाधारण दर २-३ टक्केच असेल तर बरेच आयातदार हा खटाटोप न करता पूर्ण शुल्क भरून मोकळे होतात.

तराजू
खूप स्पष्ट झालं. आरोग्य तपासणी, प्रमाणकं वगैरेंनाही अडथळाच धरायचं का?

मूळदेश
सरसकट नाही. देशी मालालाही तोच निकष आहे का आणि निकषाला शास्त्रीय आधार आहे का, हे दोन प्रश्न विचारा. खाद्यपदार्थांसाठी कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नप्रमाणक मंडळाची प्रमाणकं आहेत. त्यापेक्षा कडक निकष लावणाऱ्या देशाला जोखमीचं मूल्यमापन दाखवावं लागतं. निकष रास्त असूनही माल बंदरावर कुजत पडत असेल तर दोष कार्यपद्धतीचा. त्यासाठी २२ फेब्रुवारी २०१७ पासून व्यापार सुलभीकरण करार लागू आहे. त्यात नाशवंत माल शक्य तितक्या कमी वेळात सोडणं आणि वर्गीकरणाबद्दल आयातीआधीच लेखी निर्णय देणं या तरतुदी आहेत. नव्या मालाची पहिली खेप पाठवण्याआधी आपल्या आयातदाराला तो लेखी निर्णय मागून घ्यायला सांगा.