मडक्याले कुंभार लागते, मंग दुनियेले?

पऱ्हाटीवाला:
काल पारावर दोन घंटे ह्याच्यातच गेले. आमचे गुरुजी रिटायर झाले तवापासून न्यायशास्त्र (कोर्टाचं नाई, जुनं तर्काचं शास्त्र) वाचतेत, ते म्हने हजारेक वर्षांआधी उदयनाचार्यानं न्यायकुसुमांजली लिहिली, त्यातली गोठ अशी का मडकं हे कार्य, म्हंजे बनवलेली चीज हाय, त्याले कुंभार लागते, जमीन बी कार्यच, तिले बी कर्ता लागते, तो ईश्वर. मले तं पटलं बा. खोडाचं असन तं खोडा, शिव्या नोका देऊ.

धुऱ्यावरचा नास्तिक:
कुंभाराले चाकावर माती थापताना आपन पाह्यलं हाय भाऊ, दुनिया बनताना कोनं पाह्यली? ह्यूम नावाच्या स्कॉटलंडच्या तत्त्वज्ञाचं पुस्तक तो मेल्यावर १७७९ मधी छापलं, त्यात हेच हाय. अन् वाडा बांधाले दहा गवंडी लागतेत, मंग देव एकच काहून?

पऱ्हाटीवाला:
ह्यूम गेला खड्ड्यात, कपाशीची गुलाबी बोंडअळी पाह्य. हंगाम संपत आला का दोन सरक्या (कपाशीच्या बिया) एकमेकीले चिकटवते अन् मधात झोपून राह्यते, सरकी फोडल्याशिवाय दिसत नाई. येवढी अक्कल तिले कोनं देली? पेली नावाच्या इंग्रज पाद्र्यानं १८०२ मधी घड्याळाचं उदाहरन देलं होतं, का घड्याळ हाय म्हंजे ते बनवनारा असनच, हे त्याच्याहून भारी घड्याळ हाय.

धुऱ्यावरचा नास्तिक:
त्याच घड्याळानं माह्या तीन एकरातल्या कापसाची कवडी केली ना बावा!! शेवटच्या वेचनीची मजुरी बी निंगाली नाई. ज्या अळ्या दडल्या त्या वाचल्या, त्याइचीच पिल्लं झाली, डार्विननं १८५९ च्या पुस्तकात हेच सांगतलं. कारागीर असन तं त्याले इचारा हे कोनासाठी बनवलं. कर्माचं फळ म्हनू नोका, मीमांसकवाले (मीमांसा हे बी जुनं दर्शन) वेद मानूनबी म्हनत का कर्म आपलं आपन फळ देते, मधात देव कायले.

शेगावले पायी जानारी:
मी देव मानते, तरी गुरुजींचं पटत नाई. समजा कर्ता सिद्ध झाला, पन तो माह्यं गाऱ्हानं ऐकते हे कुठं सिद्ध झालं? कुंभार मडकं इकून मोकळा होते, मंग ते फुटलं का राह्यलं, त्याले काय! मी वारीत चालते ते कर्त्यासाठी नाई. गाडगेबाबा तं कीर्तनात लोकाइलेच उलटे प्रश्न इचारत, हा नास्तिक इचारते तं राग कायले?

पऱ्हाटीवाला:
ताई, राग नाई, पन तुमच्या प्रश्नानं अडकलो. नास्तिकाले उत्तर हाय, उदयन म्हनते कर्म जड, म्हंजे बिनअकलेचं हाय, त्याले चालवाले कोनी जानता पायजेच. तुमचं मात्र गुरुजीलेच इचारा लागन. ते आता घरी नाईत, फरदड (हंगामानंतर ठेवलेली पऱ्हाटी) उपटाले गेलेत, अळीच्या भेवानं.